परदेशवारी आणि संप: बेळगावहून निघताना या चुका टाळा

सीमाप्रश्न तापला की महाराष्ट्राची लालपरी कागलच्या पुढे येत नाही, कर्नाटकची बस निपाणीवरून माघारी फिरते आणि कोगनोळी नाक्याच्या आसपास माणसं बॅगा ओढत पलीकडची गाडी शोधतात. फेब्रुवारी २०२५ मध्येही आंतरराज्य बससेवा थांबली होती. त्यामुळे कोल्हापूरला निघायचं तरी आपण आधी चार फोन करतो, सीबीटीवर, म्हणजे बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, कुणी ओळखीचं असेल तर त्याला विचारतो. पण हीच माणसं युरोपचं तिकीट काढतात तेव्हा तिकडची रेल्वे आणि विमानं घड्याळाच्या काट्यावर चालणारच, असं धरून बसतात. तिकडेही संप होतात, आणि मे महिन्यात तर बऱ्यापैकी होतात.

तिकडचा संप म्हणजे आपला बंद नव्हे

आपल्याकडे रात्री बंदची हाक येते, सकाळी टायर जळतात आणि दुपारी चारनंतर चहाच्या गाड्या लागतात. इटलीत तसं चालत नाही. तिथे १९९० च्या १४६ क्रमांकाच्या कायद्यानुसार संपाची आगाऊ नोटीस द्यावी लागते आणि वाहतूक मंत्रालयाच्या साइटवर तारखांची यादीच असते. 'शोपेरो' (sciopero) म्हणजे संप, एवढा एक शब्द शोधता आला तरी काम होतं. संपाच्या दिवशीही प्रादेशिक रेल्वे कामाच्या दिवसांत सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत चालवावी लागते. विमानांसाठी ही वेळ सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ६ ते ९ अशी आहे. २७ जुलै ते ५ सप्टेंबर या काळात तिथे विमान वाहतुकीत संप करता येत नाही. पण आपल्या पोरांच्या सुट्ट्या एप्रिल-मे आणि दसऱ्याला, म्हणजे या सवलतीचा आपल्याला उपयोग शून्य. बरेच संप शुक्रवारी येतात, तेव्हा रोमहून व्हेनिसला जायचा दिवस शुक्रवार ठेवू नये, हे उत्तम.

फ्रान्समध्ये संपावर जाणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्याला ४८ तास आधी तसं कळवावं लागतं. त्यामुळे कुठली गाडी धावणार हे आदल्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत जाहीर होतं. त्याआधी व्हॉट्सअॅपवर आलेल्या बातमीवरून धावपळ करण्यात अर्थ नाही. जर्मनीत मात्र इशारा-संप, म्हणजे वाटाघाटी चालू असताना दबावासाठी केलेला छोटा संप, एक-दोन दिवसांच्या सूचनेवर होतो. २७ मार्च २०२३ ला तिथे रेल्वे आणि विमानतळ एकाच दिवशी ठप्प झाले. बेल्जियमच्या राष्ट्रीय संपात ब्रुसेल्सहून निघणारी विमानं सरसकट रद्द होतात, म्हणून परतीचं विमान ब्रुसेल्सचं असेल तर जरा विचार करा. स्वित्झर्लंडची काळजी करू नका, तिथे संप क्वचितच.

घाईने स्वतःच तिकीट रद्द करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून हिच्यावर जरा थांबतो. ओळखीतल्या शहापूरच्या एका काकांनी टीव्हीवर संपाची बातमी पाहिली आणि त्याच रात्री अॅपवर जाऊन परतीचं तिकीट कॅन्सल केलं. हातात कॅन्सलेशन चार्जेस वजा जाता किरकोळ रक्कम आली. दोन दिवसांनी कंपनीनेच ते विमान रद्द केलं आणि बाकीच्यांना पूर्ण पैसे मिळाले. विमान कंपनीने रद्द करेपर्यंत आपण हात आवरून धरायचा.

युरोपीय संघाचा २६१/२००४ हा नियम प्रवाशाच्या बाजूचा आहे. विमान रद्द झालं तर पैसे परत किंवा दुसऱ्या विमानाने प्रवास, यापैकी काय हवं ते तुम्ही निवडता. अडकलात तर जेवण आणि हॉटेलची सोय कंपनीने करायची. पण काउंटरवर 'रिफंड' म्हणालात की कंपनी मोकळी झाली, हॉटेलही मग तुमचंच. घरी पोचायचं असेल तर 'दुसऱ्या विमानाने पाठवा' हेच मागायचं. नुकसानभरपाई (२५० ते ६०० युरो) ही वेगळी गोष्ट. कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांनी संप केला आणि कंपनीने पुरेसं आधी कळवलं नाही तर ती मागता येते. हवाई नियंत्रकांच्या संपात मिळत नाही.

हा नियम युरोपीय संघातून निघणाऱ्या प्रत्येक विमानाला लागू आहे, मग कंपनी आखाती का असेना. भारतातून जाताना मात्र कंपनी युरोपची असेल तरच. आपल्याकडे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएच्या नियमांत संप हे कंपनीच्या हाताबाहेरचं कारण धरलं जातं, त्यामुळे तिथे भरपाईची आशा धरू नये.

तिकिटावर एजंटचा नंबर

टिळकवाडीतल्या एजंटकडून तिकीट काढलं की बुकिंगमध्ये संपर्क म्हणून बहुधा त्याचाच मोबाईल आणि ईमेल जातो. विमान रद्द झाल्याचा मेसेज त्याला जातो, तोही रविवारी, दुकान बंद असताना. तिकीट हातात आल्या आल्या कंपनीच्या साइटवर पीएनआर (तिकिटावरचा बुकिंग क्रमांक) टाकून स्वतःचा नंबर घाला. पाच मिनिटांचं काम आहे.

सांबऱ्याचं तिकीट वेगळं काढणं

सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, मुंबईचं एक तिकीट, मुंबईहून पुढचं दुसरं, असं स्वस्तात जमवतात. पहिलं विमान चुकलं किंवा रद्द झालं तर दुसरी कंपनी तुमची कुणीच लागत नाही. रस्त्याने मुंबई सुमारे ५०० किलोमीटर, ऐन वेळी गाडी पळवायची म्हटलं तरी दहा-बारा तास. एक तर एकाच पीएनआरवर सगळा प्रवास घ्या, नाहीतर आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम करा. गोव्याहून निघत असाल तर पावसाळ्यात चोर्ला घाटाचाही वेळ धरा.

विमा आहे म्हणून निर्धास्त

शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) लागणारा ३०,००० युरोचा विमा आजारपणाचा असतो. संपाने रद्द झालेल्या हॉटेलचे पैसे त्यातून येत नाहीत. त्यासाठी ट्रिप कॅन्सलेशन आणि डिलेचं कलम पाहून घ्या. तेही संप जाहीर होण्याआधी. जाहीर झाल्यावर काढलेली पॉलिसी त्या संपापुरती कागदच.

व्हिसावर दोन गोष्टी छापलेल्या असतात: तारखा आणि मुक्कामाचे दिवस. तारीख शिल्लक असली तरी दिवस संपले की मुदत संपली. संपामुळे अडकलात तर अशा अपरिहार्य कारणासाठी मुदतवाढ फी न घेता मिळते, पण ती मुदत संपायच्या आत मागावी लागते आणि विमान रद्द झाल्याचा लेखी पुरावा दाखवावा लागतो. तो मेल डिलीट करू नका. आणि कंपनीने लंडनमार्गे पाठवायची तयारी दाखवली तर लगेच हो म्हणू नका. भारतीय पासपोर्टला तिथे नुसतं विमान बदलायलाही बहुधा ट्रान्झिट व्हिसा लागतो. दुसरा मार्ग मागा.

परतीचा शेवटचा टप्पा

नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये भरणारं कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन लक्षात ठेवावं. त्या दिवसांत मोर्चे, मराठी भाषकांचा महामेळावा आणि सीमेवरचा पोलीस बंदोबस्त हे ओघाने आलंच. आंतरराज्य बस थांबली तरी पुणे-मिरज मार्गे येणारी रेल्वे सहसा चालू राहते. मुंबईत उतरायच्या तारखेचं रेल्वेचं एक तिकीट राखून ठेवा. नको झालं तर वेळेत रद्द केल्यावर थोडेच पैसे कापले जातात. कामावर रुजू व्हायच्या आधी एक दिवस मोकळा सोडा, आणि तो दिवस साहेबांना आधीच सांगून ठेवा.