प्रीपेड रिचार्ज निवडताना सीमाभागातील ग्राहकांनी या चुका टाळाव्यात

प्रीपेड सिमकार्डाला करार नसतो, अनामत नसते आणि महिनाअखेरीस बिलही येत नाही. त्यामुळे पॅकची निवड चुकली तरी पुढच्या वेळी सुधारता येईल, असे ग्राहक गृहीत धरतात. प्रत्यक्षात बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील असंख्य घरांत तोच पॅक त्याच दुकानातून वर्षानुवर्षे भरला जातो. दुकानदार "अठ्ठावीसचा मारू की चौऱ्याऐंशीचा?" एवढेच विचारतो, ग्राहक सवयीने उत्तर देतो आणि व्यवहार संपतो. या घाईत थोडेफार पैसे जातात हे खरे, पण आपल्या भागात फोनवर जास्तीचा खर्च होण्याचे सर्वांत मोठे कारण वेगळे आहे. रोमिंगचे, म्हणजे आपल्या राज्याबाहेर फोन वापरण्याचे, वेगळे पैसे पडत त्या काळात लागलेली दोन सिमकार्डांची सवय ते पैसे बंद झाल्यानंतरही सुटलेली नाही.

दोन राज्ये म्हणून दोन सिमकार्डे

दूरसंचार सेवेसाठी देशाचे २२ परवाना क्षेत्रांत विभाजन केलेले आहे. त्यांनाच आपण सर्कल म्हणतो. बेळगाव कर्नाटक सर्कलमध्ये येते, तर चंदगड, गडहिंग्लज, कागल हे तालुके महाराष्ट्र सर्कलमध्ये येतात. गोव्याला स्वतंत्र सर्कल नाही, तोही महाराष्ट्र सर्कलचाच भाग आहे. त्यामुळे कणकुंबीहून चोर्ल्याच्या घाटाने खाली उतरणारा माणूस जातो गोव्याला, पण फोनच्या लेखी तो महाराष्ट्रात शिरलेला असतो. पूर्वी अशा प्रवासात येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, रोमिंगमधील येणाऱ्या कॉलची कमाल मर्यादा २०१३ मध्ये मिनिटाला ७५ पैसे आणि २०१५ मध्ये ४५ पैसे ठरवली होती. शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत रोज कामाला जाणाऱ्या बेळगावच्या माणसाने त्या काळी महाराष्ट्राचे वेगळे सिमकार्ड घेणे हा शहाणपणाच होता.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात आल्यानंतर चित्र पालटले. आज अमर्याद कॉलच्या नेहमीच्या पॅकमध्ये देशांतर्गत रोमिंग समाविष्ट असते. त्यामुळे एकाच कंपनीची दोन सर्कलची दोन सिमकार्डे बाळगणे म्हणजे त्याच सेवेसाठी दोनदा पैसे भरणे होय, आणि तरीही अनेकजण दर महिन्याला दोन्हींवर पूर्ण पॅक भरतात. दुसरे सिमकार्ड ठेवायचेच असेल, तर ते वेगळ्या राज्याचे असण्याला अर्थ नाही, ते वेगळ्या कंपनीचे असावे. एका कंपनीचा टॉवर जिथे पोचत नाही तिथे दुसरीचा पोचावा, हेच त्याचे एकमेव उचित कारण होय.

कोल्हापूरच्या बँक खात्याला किंवा आधारला जुना क्रमांक जोडलेला आहे म्हणून तो सोडता येत नाही, अशी अडचण पुष्कळजण सांगतात आणि ती खरीच असते. अशा वेळी आधी बँकेत आणि आधार केंद्रात क्रमांक बदलून घ्यावा, मगच जुने सिमकार्ड बंद पडू द्यावे. रिचार्ज न केल्यामुळे बंद झालेला क्रमांक काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो, आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागले तर निस्तरणे कठीण होते. खात्यात किमान २० रुपये शिल्लक असतील तर ९० दिवस वापर नाही एवढ्यावरून क्रमांक रद्द करता येत नाही, असा ट्रायचा २०१३ पासूनचा नियम आहे. मात्र या नियमाने क्रमांक टिकतो, सेवा चालू राहतेच असे नाही. पॅकची मुदत संपल्यावर जाणारे कॉल लगेच थांबतात आणि काही दिवसांनी येणारे कॉल व संदेशही बंद होऊ शकतात. म्हणून क्रमांक केवळ ओटीपीसाठी ठेवणाऱ्याने आपल्या कंपनीचा सेवा चालू ठेवणारा सर्वांत लहान पॅक कोणता, हे विचारून तोच भरावा.

किंमत आधी, टॉवर नंतर

टिळकवाडीत किंवा शहापुरात उत्तम चालणारे सिमकार्ड जांबोटीच्या पुढे निरुपयोगी ठरू शकते. खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग घाटमाथ्याचा आणि दाट जंगलाचा आहे. तिथे एका गावात एकाच कंपनीचे नेटवर्क मिळते आणि पुढच्या वळणावर तेही जाते. तेव्हा बेळगावात शिकणाऱ्या मुलाने स्वतःसाठी स्वस्त ठरलेला पॅक गावाकडच्या आईवडिलांच्या फोनवरही भरावा, ही चूक वारंवार होते. ट्रायच्या २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांनुसार कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळावर टूजी, फोरजी आणि फाइव्हजी नेटवर्कचे नकाशे देणे बंधनकारक आहे. ते पाहावेत, पण नकाशावर भरवसा ठेवून एकदम वर्षभराचे पैसे भरू नयेत. शेजाऱ्याचे किंवा पाहुण्याचे सिमकार्ड आपल्या फोनमध्ये घालून माजघरात, परसात आणि शेतातल्या पंपाजवळ, अशा तिन्ही ठिकाणी एकेक कॉल लावून पाहावा. जाड दगडमातीच्या भिंतींच्या घरात ओट्यावर चार काड्या दिसतात आणि आत येताच एक उरते.

फोन कोणता आहे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. जिओचे जाळे फोरजीपासून सुरू होते, त्यामुळे साध्या टूजी बटणाच्या फोनवर त्याचे सिमकार्ड चालणार नाही. बीएसएनएलने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वदेशी फोरजी सेवा देशभर सुरू केली आहे, परंतु ज्यांच्याकडे जुने टूजी वा थ्रीजीचे सिमकार्ड आहे त्यांना ते बदलून घ्यावे लागते. नवा पॅक भरूनही इंटरनेटचा वेग वाढत नाही, अशी तक्रार करण्यापूर्वी हे तपासावे.

पॅकची किंमत पाहणे आणि दिवस न मोजणे

२८ दिवसांचा पॅक महिन्याचा समजणे ही जुनीच चूक आहे. वर्षात असे तेरा पॅक लागतात, बारा नव्हे. ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढून प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला भरता येईल असाही पॅक ठेवण्यास सांगितले आहे. ते पॅक असतात, मात्र दुकानात विचारल्याशिवाय सहसा सांगितले जात नाहीत.

तुलना करताना किंमतीला दिवसांनी भागावे. समजा, केवळ हिशेबासाठी, २८ दिवसांना २८० रुपये, ८४ दिवसांना ७५६ रुपये आणि ३६५ दिवसांना २,९२० रुपये पडतात. मग रोजचा खर्च अनुक्रमे १०, ९ आणि ८ रुपये येतो. एवढ्यावरून वर्षाचा पॅक सर्वांत स्वस्त म्हणून तो घ्यावा, असा निष्कर्ष सहज निघतो आणि अनेक ठिकाणी तसाच सल्लाही दिला जातो. माझे मत थोडे निराळे आहे. वर्षभराचे पैसे आगाऊ भरणे हा कागदावर करार नसला तरी परिणामाने करारच असतो, कारण मध्येच कंपनी बदलली तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळत नाहीत. ज्या गावात नेटवर्कची खात्री आहे आणि ज्यांना एकरकमी पैसे काढणे जड जात नाही, त्यांनी खुशाल लांबचा पॅक घ्यावा. ऊस किंवा तंबाखूचे पैसे हातात आले की वर्षाचा रिचार्ज उरकून टाकणारी कुटुंबे निपाणी भागात आहेत आणि त्यांचा व्यवहार योग्यच आहे. परंतु कंपनी नवी असेल, तर पहिले दोन-तीन महिने लहान पॅकवरच काढावेत.

न वापरल्या जाणाऱ्या डेटाचे पैसे

रोज दीड किंवा दोन जीबीच्या पॅकमधील उरलेला डेटा बहुतेक पॅकमध्ये मध्यरात्री संपुष्टात येतो, तो साठत नाही. घरात वायफाय असणाऱ्या गृहिणीला किंवा दिवसातून दोनदा व्हॉट्सॲप उघडणाऱ्या आजोबांना असा पॅक भरून देण्यात फारसा अर्थ नाही. त्यांच्यासाठी संपूर्ण मुदतीला मिळून ठरावीक डेटा देणारे पॅक असतात. उलट, फाइव्हजीचा अमर्याद डेटा जिओ आणि एअरटेल रोज दोन जीबी वा त्याहून अधिक डेटाच्या पॅकवरच देत आले आहेत. तेव्हा फाइव्हजीचा फोन घेऊन दीड जीबीचा पॅक भरणाऱ्याने अपेक्षा जुळवून घ्यावी.

बटणाचा फोन वापरणाऱ्यांकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीने ट्रायने कंपन्यांना केवळ कॉल आणि संदेशांचा, डेटाविरहित पॅक देणे सक्तीचे केले, आणि अशा विशेष पॅकची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. तरीही गावातील कित्येक वयस्कर मंडळी आयुष्यात कधीही न वापरणाऱ्या डेटाचे पैसे भरत आहेत. "मावशी, नेट नको असेल तर फक्त बोलण्याचा पॅक आहे," असे स्वतःहून सांगणारा दुकानदार विरळाच, म्हणून ग्राहकानेच तो मागितला पाहिजे.

रिचार्ज झाला, पण फोन चालत नाही

सीमेवरची सर्वांत सामान्य तक्रार अशी असते की बेळगावात इंटरनेट चालते, शिनोळी ओलांडली की बंद पडते. अशा वेळी फोनच्या वरच्या पट्टीत काड्यांजवळ इंग्रजी 'आर' हे अक्षर दिसते का, ते पाहावे. ते दिसत असेल तर फोन रोमिंगमध्ये आहे, आणि अनेक फोनमध्ये सेटिंगमधील 'डेटा रोमिंग' हा पर्याय बंद असल्यास पॅक असूनही इंटरनेट मिळत नाही. पुष्कळांनी पैसे कापले जातील या जुन्या भीतीने तो बंद करून ठेवलेला असतो. पॅकमध्ये देशांतर्गत रोमिंग असेल तर तो चालू ठेवावा. परदेशी जाताना मात्र आठवणीने बंद करावा. सीमेलगतच्या गावांत घरात बसूनही फोन पलीकडच्या सर्कलचा टॉवर पकडतो, तेव्हा हीच तपासणी तिथेही लागू पडते.

याखेरीज दोन सिमकार्डांच्या फोनमध्ये डेटासाठी भलतेच सिमकार्ड निवडलेले असणे, दिवसाचा डेटा संपून वेग ६४ केबीपीएसपर्यंत घसरलेला असणे आणि चालू पॅक संपण्यापूर्वी भरलेला नवा पॅक रांगेत पडून राहिलेला असणे, ही कारणेही नेहमीची आहेत. कंपनीच्या ॲपमध्ये ही माहिती मिळते. कंपनीचे मुदत संपण्याचे संदेश कन्नड किंवा इंग्रजीत येतात आणि ते वाचता न येणारी मंडळी ते तसेच सोडून देतात. ॲपची भाषा बदलता येत असेल तर बदलून घ्यावी, अन्यथा मुदतीची तारीख कॅलेंडरच्या पानावर लिहून ठेवण्याचा साधा उपायही पुरतो.

यूपीआय ॲपवरून रिचार्ज करताना सर्कल आणि कंपनी हे दोन्ही रकाने नजरेखालून घालावेत. कंपनी बदललेल्या क्रमांकावर काही वेळा ॲप जुनीच कंपनी दाखवते. पैसे खात्यातून वजा झाले, पण समोर पोचल्याची खात्रीच मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार ती रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यावी लागते, आणि विलंब झाल्यास दररोज १०० रुपये भरपाई देय असते. चुकीच्या क्रमांकावर यशस्वी झालेला रिचार्ज मात्र सहसा परत मिळत नाही.

कंपनी बदलताना

क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर जानेवारी २०११ पासून आणि दुसऱ्या सर्कलमध्ये क्रमांक नेण्याची सोय जुलै २०१५ पासून आहे. इंग्रजी मोठ्या अक्षरांत 'पोर्ट' लिहून, एक जागा सोडून, आपला क्रमांक १९०० वर पाठवला की एक संकेतांक येतो. तो आपल्याकडे चार दिवस वैध असतो. त्याच सर्कलमध्ये बदल असेल तर तीन आणि दुसऱ्या सर्कलमध्ये असेल तर पाच कामाचे दिवस लागतात. एकदा बदलल्यावर ९० दिवस पुन्हा बदलता येत नाही. सिमकार्ड नुकतेच बदलून घेतले असेल तर जुलै २०२४ च्या नियमानुसार सात दिवस संकेतांकही मिळत नाही. जुन्या पॅकचे दिवस आणि शिल्लक रक्कम नव्या कंपनीकडे जात नाही, म्हणून पॅक संपत आल्यावरच अर्ज करावा. लहान पॅकवरून १९०० वर संदेश जाणार नाही असे दुकानात सांगितले गेले तर ते ग्राह्य धरू नये. पॅक कितीही रकमेचा असला तरी हा संदेश पाठवता आला पाहिजे, असे ट्रायने डिसेंबर २०२१ मध्येच कंपन्यांना बजावले आहे.

तक्रार करायची झाल्यास दुकानदाराशी वाद घालण्यात वेळ न दवडता १९८ वर कॉल करावा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. कर्नाटकातील क्रमांकावरून बोलताना मराठीचा पर्याय मिळेलच असे नाही, तेव्हा हिंदी निवडावी. तिथे समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येते, आणि त्यावर ३९ दिवसांत निर्णय देणे अपेक्षित असते. ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही, परंतु जिल्हा ग्राहक आयोगाचे दार खुले आहे. दूरसंचार कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. तिथे तक्रारीचा क्रमांक, रिचार्जचा संदेश आणि बँकेची नोंद या तिन्ही गोष्टी लागतील, म्हणून फोनमधील जागा मोकळी करताना ते संदेश पुसू नयेत.