खेळणं थांबल्यावर तालमीच्या संघात परत जाताना

कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून मी चौदा हंगाम डावा बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, म्हणून खेळलो. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं आणि त्यानंतर दोन वर्षं मी शाहू स्टेडियमकडे फिरकलो नाही. सामन्याच्या दिवशी त्या बाजूचा आवाज कानावर पडला की गाडी दुसऱ्या रस्त्यानं घ्यायचो. आता त्याच संघाचा मॅनेजर म्हणून माझा सहावा हंगाम आहे. खेळ थांबलेली पोरं येऊन विचारतात, "दादा, आम्हालापण परत यायचंय, कसं यायचं?" त्यांना जे सांगतो, तेच इथे लिहितोय.

पहिली गोष्ट, जायची वेळ. हंगाम तोंडावर आल्यावर जाऊ नका, तेव्हा कुणालाच बोलायला सवड नसते. कोल्हापूरचा पाऊस जोरात असतो, मैदानं भिजलेली असतात, तालमीत माणसं निवांत बसलेली असतात, तेव्हा जा. आणि जाताना एक नेमकं काम मागा. "संघासाठी काहीतरी करायचंय" असं म्हणालात तर चहा मिळेल, काम मिळणार नाही. "यंदा नोंदणीचे कागद मी बघतो" किंवा "किट माझ्याकडे द्या" असं म्हणा. एडविन व्हॅन डर सार एवढा मोठा गोलकीपर, पण २०११ ला खेळणं थांबवल्यावर त्यानं स्पोर्ट्स मॅनेजमेंटचं शिक्षण घेतलं. २०१२ ला तो आयाक्स या आपल्या जुन्या डच क्लबमध्ये परतला तो मार्केटिंग सांभाळायला. क्लबचा सगळा कारभार त्याच्या हातात आला २०१६ ला. मध्ये चार वर्षं गेली. आपल्या तालमीतही तेवढा धीर धरावा लागतो.

कमिटीच्या आधी कोचला भेटा. आमचा कोच माझ्याबरोबर खेळलेला, वयानं चार वर्षांनी लहान, अजूनही मला दादा म्हणतो. मी पहिल्याच दिवशी ठरवलं की पोरांसमोर त्याला "सर"च म्हणायचं. मी त्याला नावानं हाक मारली असती तर आठवड्याभरात पोरांनी त्याचं सोडून माझं ऐकायला सुरुवात केली असती. त्याला दोन प्रश्न विचारले होते: तुझ्या कामातलं कुठलं ओझं मी उचलू, आणि कशात मी अजिबात बोलायचं नाही? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर होतं, "सामना चालू असताना डावपेच." मी मान डोलावली आणि तिसऱ्याच सामन्यात शब्द मोडला. आमच्या डाव्या बॅकला मी बेंचवरून ओरडलो, "पुढं जा!" कोच त्याला मागं थांबवत होता. पोरगं मधल्या मध्ये थबकलं, त्याच्या बाजूनं क्रॉस आला आणि गोल झाला. ड्रेसिंग रूममध्ये सगळे त्या पोराला बोलत होते. मी उभा राहून सांगितलं की चूक माझी आहे. आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

तेव्हापासून बेंचवर बसणाऱ्या प्रत्येकाला मी नियम पाठ करायला लावतो. टेक्निकल एरिया म्हणजे बसण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंना एकेक मीटर आणि पुढं टचलाइनच्या, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या रेघेच्या, एक मीटर अलीकडपर्यंत. तिथून डावपेचाच्या सूचना एका वेळी एकानंच द्यायच्या. २०१९ पासून बेंचवरच्या पदाधिकाऱ्यालाही पिवळं आणि लाल कार्ड मिळतं. बेंचवरून कुणी शिवी दिली आणि रेफ्रीला माणूस ओळखता आला नाही, तर कार्ड तिथल्या मुख्य कोचला जातं. म्हणजे तोंड तुमचं सुटतं आणि शिक्षा कोच भोगतो.

आता कागद. यात कुणाला रस नसतो, म्हणूनच परत आलेल्या खेळाडूनं हे काम घ्यावं. आता खेळाडूंची नोंदणी एआयएफएफच्या, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या, सीआरएस या नोंदणी प्रणालीवर ऑनलाइन होते. एका पोराचं आडनाव जन्मदाखल्यावर एका तऱ्हेनं आणि आधारवर दुसऱ्या तऱ्हेनं लिहिलेलं होतं. माझ्या ते फार उशिरा लक्षात आलं. पोरगं महिनाभर सराव करून हंगामाचे पहिले सामने गॅलरीत बसून बघत होतं. आता मी गणपती झाले की प्रत्येकाच्या घरी जातो, आई-वडिलांसमोर दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघतो. पोरगं आधी दुसऱ्या संघाकडं नोंदलेलं असेल तर त्याची बदली पूर्ण झाल्याशिवाय त्याला किट देत नाही, मग पेठेतल्या कुणीही शब्द टाकू दे. सामन्याच्या दिवशी यादीतली नावं आणि जर्सीचे नंबर दोघांनी तपासायचे, एकानं वाचायचं, दुसऱ्यानं जर्सी बघायची. राखीव खेळाडूचं नाव सामन्याआधी दिलेलं नसेल तर त्याला उतरवता येत नाही, मग तो कितीही चांगला असो.

दुखापतीच्या बाबतीत मात्र तुमच्याइतकं कुणालाच कळत नाही. गुडघा सुजलेला असताना "काही नाही झालं" म्हणणारं पोरगं मी लगेच ओळखतो, कारण मीही तेच म्हणायचो. गुडघ्यातल्या एसीएल या लिगामेंटचं ऑपरेशन झालेल्याला नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरवू नका. नऊ महिने झाले तरी डॉक्टर आणि फिजिओनं दोन्ही पायांची ताकद तपासून होकार दिल्यावरच. फायनल असली तरीही. डोक्याला मार बसून पोरगं गोंधळल्यासारखं वाटलं तर त्याला बाहेर घ्या आणि त्या दिवशी परत आत सोडू नका. घरात बसलेल्या जखमी खेळाडूला आठवड्यातून दोनदा भेटायला जा. मी घरी होतो तेव्हा पहिल्या महिन्यात सगळे आले, चौथ्या महिन्यात कुणीच आलं नाही.

पैशाचं थोडक्यात सांगतो: वर्गणी आणि देणगी एकट्याच्या हातात ठेवू नका. वहीवर दोघांच्या सह्या, आणि महिन्याला वही तालमीत सगळ्यांसमोर.

सगळ्यात अवघड काम आपल्याच समर्थकांचं. कोल्हापुरात फुटबॉल पेठेच्या रक्तात आहे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी, खंडोबा ही संघांची नावं नुसती घेतली तरी माणसं सरसावून बसतात. ह्या प्रेमावरच आम्ही खेळलो. पण त्यातूनच भांडण पेटतं, आणि सामना बंद पडला की नुकसान पोरांचं होतं. कोचला तेव्हा मान वर करायला फुरसत नसते, पण तुमचा चेहरा गॅलरी ओळखते, तुमच्या गोलवर तीच माणसं नाचलेली असतात. म्हणून मोठ्या सामन्याच्या आदल्या रात्री मी कट्ट्यावर जातो आणि जी चार-पाच पोरं घोषणा सुरू करतात त्यांच्याशी बोलतो. भाषण देत नाही. "भावा, उद्या आईबहिणीवरून एक शब्द नको, एवढं माझ्यासाठी कर," एवढंच. निर्णय विरोधात गेला तर रेफ्रीशी कॅप्टननं बोलायचं, तक्रार असेल तर ती लेखी द्यायची, हे त्यांनाही आधीच सांगून ठेवतो. हरलो तर शिट्टी वाजताच मी गॅलरीच्या कठड्यापाशी जाऊन उभा राहतो आणि आपली माणसं निम्मी उतरेपर्यंत हलत नाही. पोरांना हस्तांदोलन करून एकत्रच बाहेर काढायचं, एकटं कुणी जायचं नाही.

आणखी एक. सरावाला माणूस कमी पडला की पाय शिवशिवतात. उतरू नका. ज्युनिअरमधल्या पोराला बोलवा, तो त्या अर्ध्या तासाची वर्षभर वाट बघत असतो. "आमच्या वेळी" हे शब्दही पहिल्या हंगामात तोंडातून काढू नका. पोरांनी विचारलं तर सांगा, पोटभर सांगा.

सामन्यानंतर रात्री किट मोजूनच घरी जायचं. जर्सी, शॉर्ट, मोजे, गोलकीपरची वेगळी जर्सी, कॅप्टनची पट्टी. एखादी कमी भरली तर त्याच रात्री फोन करा, सकाळपर्यंत ती कुणाच्या तरी डिकीत ओलीच कुजते.