नर्सिंग होममधून आपल्या माणसाचे पूर्ण पेपर कसे मिळवायचे

डिस्चार्जच्या दिवशी हातात काय येतं? दोन पानी डिस्चार्ज कार्ड, बिल आणि रिपोर्टची पिशवी. पण राउंडला डॉक्टरांनी रोज काय लिहिलं, कुठलं इंजेक्शन किती वाजता दिलं, रात्री बीपी किती होतं हे सगळं इनडोअर पेपरमध्ये असतं आणि ती फाईल हॉस्पिटलमध्येच राहते. सेकंड ओपिनियन असो, विम्याचा क्लेम अडकलेला असो, की उपचारात काही चुकलं अशी शंका असो, कामाला येतात ते हेच पेपर.

आणि ते मागणं हा हक्क आहे, मेहरबानी नाही. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांत स्पष्ट आहे, पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितले की 72 तासांत द्यायचे. नातेवाईकांना पेपर गोपनीय आहेत म्हणून नाकारता येत नाहीत, कॉपीचा खर्च घेऊन द्यावे लागतात, हे मुंबई हायकोर्टाने 1996 मध्येच सांगितलंय.

पेशंट शुद्धीवर असेल तर आधी त्याच्याकडून साध्या कागदावर सही किंवा अंगठा घ्या, "माझे सर्व वैद्यकीय पेपर माझ्या मुलीला द्यावेत" एवढं पुरे, खाली तिचं नाव. शक्यतो ॲडमिट करतानाच, ऑपरेशनच्या आधी करून ठेवा, नंतर आयसीयूत सही कुठून आणणार. आणि नाव एकाचंच टाका, तीन भावंडं तीन वेगळ्या वेळी काउंटरवर गेली की हॉस्पिटलला टाळायला कारण मिळतं. मुलं परदेशात असतील तर त्यांनी इथल्या कुणा नातेवाईकाचं नाव टाकायला सांगावं. पेशंट गेलेला असेल तर डेथ सर्टिफिकेट, तुमचं आधार आणि नातं दाखवणारा काहीतरी पुरावा, रेशन कार्ड वगैरे, सोबत ठेवा.

तोंडी मागू नका. काउंटरवर "फाईल द्या" म्हटलं की "ओरिजिनल देता येत नाही" हे उत्तर ठरलेलं, आणि ते बरोबरच आहे, आपल्याला कॉपी हवी असते. अर्ज असा लिहा (आयपीडी नंबर म्हणजे ॲडमिट करताना पेशंटला दिलेला नंबर):

"माझे वडील (नाव, आयपीडी नंबर) दि. ... ते दि. ... आपल्याकडे ॲडमिट होते. त्यांच्या संपूर्ण इनडोअर पेपरची, म्हणजे ॲडमिशन नोट, रोजच्या राउंडच्या नोंदी, नर्सिंग चार्ट, औषधांचा चार्ट, ऑपरेशन आणि भूल नोट, संमतीपत्रं, सर्व रिपोर्ट व सीटीची सीडी, सही-शिक्क्यासह कॉपी 72 तासांत द्यावी. कॉपीचा खर्च देण्यास तयार आहे."

बिलाचा वाद असला तरी तो यात घालू नका, त्याचा वेगळा अर्ज करा. दोन प्रती न्या, एकीवर तारखेसकट पोच घ्या. पोच देत नसतील तर तिथे भांडत बसू नका, त्याच दिवशी स्पीड पोस्ट आणि ईमेल करा, 72 तास मोजायला हा पुरावा लागतो.

पेपर मिळाले की तिथेच बसून चाळा. प्रत्येक दिवसाचं पान आहे का, नर्सिंग चार्टमध्ये एखादी रात्र गायब नाही ना, गुडघा बदलला असेल किंवा स्टेंट टाकला असेल तर त्याचा स्टिकर लावलेलं पान आहे का हे बघा. क्लेमसाठी टीपीएला, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या एजन्सीला, काहीही देण्याआधी सगळ्याचे मोबाईलवर स्कॅन काढून ठेवा.

दिले नाहीत तर तक्रार कुठे? महापालिका हद्दीत महापालिकेचा आरोग्य विभाग, बाकी ठिकाणी जिल्हा शल्यचिकित्सक, कारण नर्सिंग होमची नोंदणी तिथे असते. महाराष्ट्राच्या नर्सिंग होम नोंदणीच्या 2021 च्या सुधारित नियमांप्रमाणे रुग्णहक्कांची सनद हॉस्पिटलने दर्शनी भागात लावायचीच आहे, तिचाही फोटो काढून तक्रारीला जोडा. डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, नुकसानभरपाईसाठी ग्राहक आयोग, तिथे मुदत 2 वर्षं. सरकारी हॉस्पिटल असेल तर रेकॉर्ड सेक्शनला अर्ज करा, नाहीच ऐकलं तर माहिती अधिकार.

फार थांबू मात्र नका. पेपर जपून ठेवायची सक्ती उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षांचीच आहे, त्यानंतर फाईल रद्दीत गेली म्हणाले तर हातात काही राहत नाही.