अमिओडॅरोनचे इंजेक्शन देताना या चुका टाळा

अमिओडॅरोन हे हृदयाची बिघडलेली, अतिवेगवान लय ताळ्यावर आणणारे औषध आहे. त्याच्या इंजेक्शनबाबतचे गोंधळ निदानात होतात त्याहून अधिक सलाईनच्या बाटलीपाशी, थेंबांच्या वेगापाशी आणि रेफरच्या चिठ्ठीपाशी होतात. चोपडा, शिरपूर, शहादा अशा गावांतील छोट्या रुग्णालयांत, जिथून हृदयरोगाचा रुग्ण बहुधा जळगाव, धुळे किंवा नाशिकला पाठवावा लागतो, तेथील ड्युटी डॉक्टर आणि सिस्टर यांच्यासाठी ही टिपणे आहेत.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे शॉक द्यायचा असताना अॅम्प्यूल फोडत बसणे. नाडी अतिवेगाने चालली आहे, रक्तदाब कोसळला आहे आणि रुग्ण ग्लानीत जात आहे, अशा वेळी डिफिब्रिलेटरवर सिंकचे, म्हणजे शॉक हृदयाच्या ठोक्याशी जुळवणारे, बटण दाबून शॉक देणे हाच उपचार असतो. दुसरा घोळ मात्रेचा. ३०० मिलिग्रॅम एकदम देण्याची मात्रा ही नाडी बंद पडलेल्या आणि शॉकला दाद न देणाऱ्या रुग्णासाठी आहे. नाडी लागत असलेल्या रुग्णाला १५० मिलिग्रॅम १० मिनिटांत द्यायचे असतात. या दोन मात्रांची अदलाबदल झाली, तर रक्तदाब हातातून निसटतो.

३ मिलीच्या अॅम्प्यूलमध्ये १५० मिलिग्रॅम औषध असते आणि ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळावे. हाताशी आली म्हणून नॉर्मल सलाईनची बाटली घेतली, तर औषधाचा साका बसू शकतो. पुढील २४ तासांसाठी ६ अॅम्प्यूल, म्हणजे ९०० मिलिग्रॅम, ५०० मिली डेक्स्ट्रोजमध्ये घातले की दर मिलीला सुमारे १.८ मिलिग्रॅम औषध येते. पहिले ६ तास मिनिटाला १ मिलिग्रॅम, म्हणजे तासाला ३३ मिली, आणि त्यानंतर मिनिटाला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे तासाला सुमारे १७ मिली असा वेग ठेवावा. हे काम थेंब मोजून भागवू नये, कारण औषधातील पॉलिसॉर्बेटमुळे थेंबाचा आकार लहान होतो आणि मोजणी बरोबर असूनही रुग्णाला औषध कमी जाते. पंप वापरावा, आणि त्याची बॅटरी वीज जाण्याआधीच तपासलेली असावी. पीव्हीसीच्या पिशवीला हे औषध चिकटून राहते, म्हणून २ तासांपेक्षा जास्त चालणाऱ्या इन्फ्युजनसाठी काचेची किंवा पॉलिओलेफिनची बाटली घ्यावी. हेपारिन, सोडाबायकार्ब आणि अमिनोफायलीन त्याच लाइनमधून सोडू नये. मिलीला २ मिलिग्रॅमपेक्षा दाट द्रावण तासभराहून अधिक द्यायचे असेल तर सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, हवी. हाताच्या शिरेत ते दिले, तर शीर सुजून लाल होते.

इन्फ्युजन चालू असताना रक्तदाब उतरला, तर पहिले काम वेग कमी करण्याचे. तो तसाच ठेवून डोपामिनची धावपळ करणे ही उलटी गंगा होय.

ईसीजी न पाहता दिलेले इंजेक्शन खानदेशात दोन कारणांनी विशेष धोक्याचे ठरते. कपाशीवर फवारणी करताना किंवा अन्य मार्गाने ऑर्गॅनोफॉस्फरसची विषबाधा झालेल्या रुग्णाचा क्यूटी, म्हणजे ईसीजीवर क्यू ते टी लहरींमधला वेळ, वाढलेला असू शकतो. त्यातून टॉर्साड, म्हणजे क्यूटी वाढल्याने होणारी जीवघेणी वेगवान लय, सुरू झाले, तर अमिओडॅरोनने ते आणखी बिघडते, आणि तिथे २ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट शिरेतून द्यावे लागते. बिट्टीच्या, म्हणजे पिवळ्या कण्हेरीच्या, बिया खाल्लेल्या रुग्णात डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधासारखी विषबाधा होऊन हार्ट ब्लॉक होतो, म्हणजे हृदयातील विद्युत संदेश अडतो. पेसमेकरचा आधार नसताना अशा संथ नाडीवर हे इंजेक्शन देऊ नये. डब्ल्यूपीडब्ल्यू (हृदयात विद्युत संदेशाची जन्मजात जादा वाट) असलेल्या रुग्णाला एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) झाले आणि नाडी वेगवान, अनियमित व ईसीजीवरील क्यूआरएस लहर रुंद दिसू लागली, तरीही हे औषध टाळावे.

पोटॅशियम आणि मॅग्नेशियम कमी असेल, तर ते आधी किंवा बरोबरीने भरून काढावे. मे महिन्यातील जुलाब-उलट्यांच्या रुग्णात ते हमखास घटलेले सापडते. पोटॅशियम कमी आहे म्हटले की “मग दादांना केळी देऊ का?” असे नातेवाईक विचारतात. रावेर-यावलच्या केळीबद्दल पूर्ण आदर राखूनही सांगावे लागते, की २.८ वर आलेले पोटॅशियम आणि धावणारे हृदय एका फणीने ताळ्यावर येत नाही.

रेफरच्या चिठ्ठीवर नुसते “अमिओडॅरोन दिले” असे लिहिणे निरुपयोगी आहे. बोलस, म्हणजे सुरुवातीची एकदम दिलेली मात्रा, किती आणि किती वाजता दिला, बाटलीत किती अॅम्प्यूल आहेत, सध्याचा वेग काय आणि आतापर्यंत एकूण किती मिलिग्रॅम गेले, हे सर्व लिहावे. अन्यथा पुढील रुग्णालयात पुन्हा पहिल्यापासून लोडिंग, म्हणजे सुरुवातीची मोठी मात्रा, दिले जाते. रुग्ण डिगॉक्सिन किंवा वॉरफेरिन (रक्त गोठू न देणारे औषध) घेत असेल, तर तेही ठळकपणे नोंदवावे. अमिओडॅरोनमुळे डिगॉक्सिनची रक्तातील पातळी वाढते, म्हणून त्याची मात्रा साधारण निम्मी करावी लागते. वॉरफेरिनचीही मात्रा कमी करून आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याची तपासणी, वारंवार पाहावा लागतो. गोळ्या पुढे चालू राहणार असतील, तर थायरॉइड आणि यकृताच्या तपासण्या सुरुवातीलाच करून ठेवाव्यात, कारण या औषधाच्या वजनात सुमारे ३७ टक्के आयोडीन असते आणि दीर्घकाळ गोळ्या घेतल्यावर त्या बंद केल्या तरी औषध शरीरात कित्येक आठवडे रेंगाळते.