तिसरी-चौथीच्या वर्गात ‘संगीत सौभद्र’ कसे आणावे

अण्णासाहेब किर्लोस्करांचे १८८२चे ‘संगीत सौभद्र’ लहान मुलांना जड जाईल, असे बहुतेकांना वाटते. जड असते ती संहितेची भाषा, गोष्ट नव्हे. नाटकाच्या पोटात एक सोंग आहे: अर्जुन यती, म्हणजे संन्यासी, होऊन द्वारकेत येतो, कृष्णाला ते ठाऊक असते आणि बलरामाला नसते. मुलांना नाटकात घेऊन जायचे ते याच दारातून.

तयारी: ३५ मिनिटांच्या चार तासिका, एक भगवे उपरणे, एक काठी, एक तांब्या, दोन सतरंज्या. दागिने, मुकुट, दाढ्या आणू नयेत. त्या सावरण्यातच मुलांचा जीव अडकतो.

पहिली तासिका. गोष्ट पाच मिनिटांत सांगा. अर्जुन तीर्थयात्रेवर आहे. बलरामाने सुभद्रेचे लग्न दुर्योधनाशी ठरवले आहे. नारद ही बातमी अर्जुनाला देतो. कृष्णाच्या बेताप्रमाणे घटोत्कच सुभद्रेला उचलून रानात नेतो. अर्जुन यती बनून द्वारकेत येतो आणि भोळा बलराम सुभद्रेलाच त्याच्या सेवेला ठेवतो. शेवट सांगू नका. मग पाच-पाच जणांचे गट करा. प्रत्येक गटाने एका प्रसंगाचे स्थिरचित्र करायचे आणि दहा अंक मोजेपर्यंत हलायचे नाही.

दुसरी तासिका. सगळा भर इथे द्या. प्रत्येक मुलाला आधी अर्जुन म्हणून चालू द्या: छाती पुढे, टाचा जमिनीवर ठाम, उजवा हात नकळत भात्याकडे जाणारा. मग उपरणे खांद्यावर, हातात काठी, नजर खाली, पावले लहान. यती चालत असताना तुम्ही अचानक ‘सुभद्रा आली!’ असे म्हणायचे. यतीचा चेहरा क्षणभर अर्जुनाचा होतो आणि लगेच सावरतो. तो क्षण पकडला की मुलाला सोंग कळले. बघणाऱ्यांना एकच काम: मागून अर्जुन दिसला की टाळी वाजवायची. इथे मुले माकडचेष्टा करतात, कारण ‘सोंग’ म्हणजे हसवणे असे त्यांना वाटते. ‘ओळखला गेलास तर बलराम तुला हाकलून देईल’ एवढे सांगा. चाल आपोआप सावध होते.

तिसरी तासिका. संवाद मुलांच्याच बोलीत. बलराम यतीला प्रश्न विचारतो: कुठून आलात, काय खाता, किती दिवस राहणार? यतीने खोटे न बोलता खरे लपवायचे. उत्तर आधी पाठ करून घेतले तर मूल फक्त आपल्या वाक्याची वाट बघत उभे राहते, समोरच्याचे ऐकत नाही. मूळ संहितेतली दोन-तीन वाक्ये शेवटच्या दहा मिनिटांत द्या. तोवर प्रसंग अंगात भिनलेला असतो, त्यामुळे जुनी भाषा अडत नाही.

सुभद्रा व्हायला मुलगे लाजले, तर त्यांना सांगा की किर्लोस्करांच्या नाटक मंडळीत ही भूमिका भाऊराव कोल्हटकर करत आणि त्यांच्या गाण्यासाठी लोक गर्दी करत. मुलींना बलराम आणि घटोत्कच जरूर द्या.

चौथी तासिका. नाट्यपदाशिवाय सौभद्र नाही. नारदाच्या ‘राधाधर मधुमिलिंद’ची फक्त पहिली ओळ घ्या. आधी ती नुसती बोलायची, मग टाळ्यांवर, मग पेटीवर. पट्टी मुलांच्या गळ्याला सोयीची धरा. ध्वनिमुद्रिकेतल्या मोठ्या गायकाच्या पट्टीत मुले ओरडतात आणि दोन मिनिटांत घसा बसतो. ताना सोडून द्या. नारद एकटा नको, सहा-सात जण मिळून चिपळ्या घेऊन येऊ द्या. एकट्याने गायला घाबरणारी मुलेही त्यात मिसळतात.

पालकांना दाखवायचे असेल तर रंगमंचावर नको. पडद्यासमोर कोवळे आवाज पोचत नाहीत आणि मग माइकपाशी जाऊन उभे राहण्याची शर्यत लागते. वर्गातच तीन बाजूंना सतरंज्यांवर प्रेक्षक बसवा, चौथ्या बाजूने पात्रे येऊ द्या. प्रयोग १५ मिनिटांचा पुरे. उपरणे दाराबाहेर खुंटीला टांगून ठेवा, म्हणजे यती होणारा प्रत्येक जण ते तिथे खांद्यावर घेऊन आत येईल.