जुन्या गाडीचा सीटबेल्ट अडकतोय, आत जात नाहीये? खोलायच्या आधी या चुका टाळा

पावसाळा संपला की माझ्याकडे हमखास दोन-तीन जण येतात, गाडी पंधरा-अठरा वर्षं जुनी आणि तक्रार ठरलेली, बेल्ट आत जात नाही नाहीतर मध्येच अडकतो. मी गॅरेजवाला नाही, पण माझी 2006 ची हॅचबॅक मी स्वतःच सांभाळतो, त्यामुळे सोसायटीत आणि ऑफिसात बेल्टचं काम आलं की माझंच नाव घेतात. काम अवघड नाहीये हो. मूळ बिघाड बहुतेक वेळा किरकोळच असतो, पण त्याच्या आधी कुणीतरी घाईघाईत काहीतरी करून ठेवलेलं असतं आणि ते निस्तरण्यात माझा अख्खा रविवार जातो. तेच तेच बघून आता वैताग आलाय म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आपल्याकडे ऑटोमॅटिक बेल्ट म्हणजे आपोआप गुंडाळला जाणारा बेल्ट, एवढाच अर्थ. अमेरिकेत 1980-90 च्या काळात दाराच्या चौकटीवरून मोटरने सरकत येणारे बेल्ट होते, एअरबॅग आल्यावर ते बंद झाले. ते व्हिडिओ बघून एक जण आपल्या गाडीत मोटर आणि फ्यूज शोधत बसला होता, म्हणून सांगतोय. आपल्या गाडीत पिलरच्या, म्हणजे दाराशेजारच्या उभ्या खांबाच्या आत एक रीळ असतं, त्याच्या एका बाजूला चपटी गुंडाळलेली स्प्रिंग, ती बेल्ट आत ओढते, आणि दुसऱ्या बाजूला लॉक. लॉक दोन कारणांनी लागतं. एक म्हणजे बेल्ट झटक्यात ओढला तर, आणि दुसरं म्हणजे गाडी झटक्यात थांबली किंवा जास्त कलली तर. या दुसऱ्या कामासाठी बऱ्याच गाड्यांमध्ये आत प्लॅस्टिकच्या छोट्या वाटीत एक स्टीलची गोळी असते, ती जागची हलली की वरची पट्टी उचलली जाते आणि रीळ अडतं.

आता सगळ्यात मोठी चूक. लोक पिलरची ट्रिम म्हणजे वरचं प्लॅस्टिकचं आवरण काढतात, बोल्ट काढून रिट्रॅक्टर, म्हणजे रीळ, स्प्रिंग आणि लॉक असलेला तो अख्खा डबा हातात घेतात, बेल्ट ओढून बघतात आणि म्हणतात जाम झालाय. अरे बाबा, तो जाम नाहीये, तू तो आडवा धरलायस! नियमच असा आहे की 12 अंशांपर्यंत कलला तर लॉक व्हायचं नाही आणि 27 अंशांच्या पुढे गेला की झालंच पाहिजे. म्हणजे हातात तिरका धरल्यावर अडतोय हे तो नीट असल्याचं लक्षण आहे. गाडीत बसतो त्याच कोनात धरा, हळू ओढा, सरसर बाहेर येईल. उताराच्या पार्किंगमध्ये किंवा एक चाक फुटपाथवर चढवून उभ्या केलेल्या गाडीत बेल्ट अडतो तोही याचमुळे, गाडी सपाटीवर आणून मगच काय ते ठरवा.

आमच्या सोसायटीतले एक काका, अत्यंत सज्जन माणूस, त्यांची गाडी घेऊन मी आणि ते साताऱ्याला लग्नाला गेलो होतो. येताना मी चालवत होतो. नवीन कात्रज बोगदा सोडला की नवले पुलापर्यंतचा तो उतार पुण्यातल्या सगळ्यांना माहितीये, तिथे पुढच्या टेम्पोने एकदम ब्रेक मारला, मी पण मारला, आणि माझा बेल्ट शिंप्याच्या टेपसारखा सुळ्ळकन बाहेर आला. छाती स्टिअरिंगला टेकली. वेग कमी होता म्हणून काही झालं नाही, पण मला घाम फुटला कारण निघताना मीच म्हटलं होतं की काका, बेल्ट काय मस्त मऊ चालतोय तुमचा. वारज्याला पोचल्यावर गाडी बाजूला घेतली, दोन-तीनदा बेल्ट जोरात ओढून बघितला, एकदाही धरला नाही. काकांना विचारलं, याला कोणी हात लावला होता का? तर म्हणाले, "अहो मीच केला नीट दिवाळीत, सारखा अडकायचा. आत एक गोळी होती, तिच्यामुळंच अडकत होता तो, काढून टाकली." आणि अ‍ॅशट्रे उघडून दाखवली. हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, चकचकीत स्टीलची गोळी, टोलच्या पावत्या आणि दोन बडीशेपेच्या पुड्यांच्या मध्ये. गोळीबरोबर त्यांनी शेजारची दातेरी प्लॅस्टिकची चकतीही काढली होती, म्हणजे झटक्याने लागणारं लॉकही गेलं. चार महिने ते रोज त्या बेल्टने ऑफिसला जात होते, सोबत काकू.

मी परत तसंच बसवायचा प्रयत्न केला नाही. एकदा आतलं उघडलं गेलं की तो रिट्रॅक्टर माझ्या लेखी संपला, नवीन आणायचा, बस. काकांना खर्च जड वाटला, दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी, पण नवीन बसवला तेव्हाच मी गाडीत परत बसलो. नवीन घेताना डावा-उजवा बघून घ्या, पिलरच्या कोनाप्रमाणे सेन्सर बसवलेला असतो, उलटसुलट केलं की एक तर सारखा अडेल नाहीतर वेळेला अडणार नाही.

तर बेल्ट मऊ चालतो म्हणजे चांगला असं अजिबात धरून चालू नका. माझी सवय अशी की कुठलीही जुनी गाडी हातात आली की आधी बेल्ट झटक्यात ओढायचा, कट्कन थांबला पाहिजे. मग मोकळ्या मैदानात, मागेपुढे कोणी नसताना, वीसच्या स्पीडला ब्रेक दाबायचा, बेल्टने धरलं पाहिजे.

दुसरी चूक म्हणजे तेलाचा स्प्रे. बेल्ट हळू आत जातोय ना, मग पिलरच्या फटीत नळी घाला आणि मारा फुसफुस, हा उपाय ज्याने शोधून काढला त्याच्यावर माझा खरंच राग आहे. दोन दिवस फरक वाटतो. मग त्या तेलावर पुण्यातली धूळ बसते, आणि आपल्याकडे मेट्रोची कामं, रस्ते खोदाई, टेकडीवरची माती, धुळीला तोटा नाही, त्याची आत चिक्की होते. बेल्टला तेल लागतं, बेल्टचं शर्टाला. खरं कारण ऐंशी टक्के वेळा काय असतं माहितीये? मळ. पंधरा वर्षांचा घाम, डोक्याचं तेल, धूळ, हे सगळं बेल्टच्या पट्ट्यात मुरतं, पट्टा जाड आणि चिकट होतो, आणि खांद्याजवळची जी कडी आहे ज्यातून बेल्ट वळतो तिच्यात त्याचा काळा थर बसतो. स्प्रिंगमध्ये ताकद मोजकीच असते, तिने किती ओढायचं?

मी काय करतो ते सांगतो. बेल्ट हळूहळू पूर्ण बाहेर काढायचा आणि रिळाजवळ कपडे वाळत घालायचे दोन चिमटे लावायचे, एक निसटतो म्हणून दोन. कोमट पाणी, त्यात अंगाच्या साबणाचं पाणी किंवा थोडा शाम्पू, मऊ ब्रश, आणि धाग्याच्या दिशेने घासायचं, आडवं नाही. पहिल्या बादलीचं पाणी चहासारखं होतं, बघून स्वतःचीच शिसारी येते. दोनदा साध्या पाण्याने पुसून काढायचं. मग कडी. जुनी बनियन पट्टीसारखी फाडून कोमट पाण्यात पिळायची, कडीतून ओवायची आणि बूट पॉलिश करतात तशी दोन्ही हातांनी मागेपुढे ओढायची, थर मेणासारखा सुटून येतो, नखाने खरवडलं की चरचर आवाज येतो तो थांबेपर्यंत करायचं. पुढचं मात्र धीराचं काम आहे, चिमटे तसेच ठेवून रात्रभर वाळू द्यायचं. इथेच लोक घाई करतात, वर वर सुकलं की सोडतात आत, मग ओल रिळात जाते आणि आठ दिवसात कुबट वास आणि बुरशीचे काळे ठिपके. म्हणून हे काम मी शक्यतो एप्रिल-मेमध्ये करतो, जुलैत कोणी गाडी आणली की सरळ परत पाठवतो. ब्लीच, कपड्यांचा रंग, पेट्रोल, थिनर यातलं काहीही बेल्टला लावायचं नाही, धाग्याची ताकद जाते आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

स्प्रिंगची बाजू उघडू नका, कधीच. गुंडाळलेली चपटी पात असते ती, झाकण सुटलं की काही मीटर पात एका क्षणात हातावर येते, माझ्या मित्राच्या अंगठ्याला तीन टाके पडलेत आणि स्प्रिंग काही परत बसली नाही.

बेल्ट पूर्ण आत जाऊन लॉक झालाय आणि बाहेरच येत नाही? झटके देऊ नका, जितके झटके द्याल तितका तो धरेल. एकदाच जोर लावून ओढा आणि सोडून द्या, बोटभर आत गेला की लॉक सुटतं, मग हळू काढा. काही गाड्यांत बेल्ट पूर्ण बाहेर काढला की लहान मुलांच्या सीटसाठीचं लॉक लागतं, आत जाताना टिकटिक आवाज येतो आणि मधून परत ओढता येत नाही, पूर्ण आत जाऊ द्या, आपोआप सुटेल.

बकल लागत नसेल तर आत बघा. शेंगदाणे, फरसाण, रुपयाचं नाणं, सगळं निघालंय माझ्याकडे. व्हॅक्यूम लावा, पेचकस घालू नका.

बोल्टबद्दल मात्र जरा सविस्तर. बहुतेक गाड्यांमध्ये बेल्टचा बोल्ट 7/16 इंचाचा बारीक आट्याचा, हाय टेन्साइल म्हणजे जास्त ताण सोसणारा असतो. तो हरवला की लोक नाक्यावरच्या हार्डवेअरमधून दहा नंबरचा, म्हणजे दहा मिलिमीटरचा बोल्ट आणतात, तो ढिला बसतो, मग बाराचा आणतात, तो जात नाही म्हणून पान्याला पाइप लावून घुसवतात आणि बॉडीतला आटा खाऊन टाकतात. बेल्ट जिथे बसतो त्या जागेची टेस्ट 13,500 न्यूटनला होते, म्हणजे साधारण 1,350 किलोचा ताण, तिथे साधा बोल्ट काय टिकणार? पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात जुना बोल्ट सॅम्पल म्हणून दाखवा, मिळतो. खोलताना वॉशर, बुश कुठल्या क्रमाने निघाले त्याचा फोटो काढा, उलटं बसलं की पट्टी फिरत नाही आणि बेल्टला पीळ पडतो. आणि सुरुवात हातानेच, चार-पाच आटे बोटांनी गेले पाहिजेत, मग पाना.

एअरबॅगवाली गाडी असेल तर रिट्रॅक्टरपाशी वायर आणि बहुधा पिवळं सॉकेट दिसेल. तिथे थांबा. आत बारूद असलेला प्रीटेन्शनर, म्हणजे धडक होताच बेल्ट घट्ट ओढून धरणारा भाग आहे, त्याला मल्टीमीटर लावायचा नाही, ठोकायचा नाही, अशा गाडीचं काम मी घेत नाही, ट्रेनिंग झालेल्या माणसाकडे पाठवतो.

जुन्या बाजारातला बेल्ट स्वस्त मिळतो हे मलाही माहितीये, बाकीच्या गोष्टी मीही तिथून आणतो, पण बेल्ट नाही. तो कुठल्या गाडीतून निघाला, ती ठोकलेली होती का, कोण सांगणार? जोरात धक्का खाल्लेला बेल्ट ताणलेला असतो, कडीपाशी पट्टा चकाकतो किंवा धागे वितळल्यासारखे दिसतात. तुमच्या स्वतःच्या गाडीचा मोठा अपघात झाला असेल तरी हेच, बदला.

बेल्ट त्रास देतो म्हणून तो न लावता, अलार्म वाजू नये एवढ्यासाठी बकलमध्ये नुसती क्लिप खोचून ठेवणारे पण आहेत. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना या क्लिपा काढायला लावल्या, तेरा हजारांवर लिस्टिंग उतरवल्या गेल्या. तरी अजून दिसते कुणाच्या ना कुणाच्या गाडीत. माझ्याकडे गाडी आली की ती मी काढून ठेवतो आणि परत देत नाही, भांडा हवं तर.

शेवटचं, मागची सीट. नवीन सीटकव्हर घालताना दुकानवाला मागची बकल्स कव्हरखाली दाबून टाकतो आणि पंधरा वर्षं कोणी बघत नाही. सीटचा खालचा भाग उचला, बकल्स वर काढा, कव्हरला ब्लेडने नीट चिरा द्या आणि कडेला हाताने दोन टाके घाला म्हणजे फाटत नाही. माझ्या गाडीत ती काढली तेव्हा एक बकल इतकं कोरं होतं की त्यावरचा कंपनीचा प्लॅस्टिकचा कागद पण तसाच होता, आणि त्या जागेवर आई इतकी वर्षं बसत होती.