एनव्हीएचमध्ये नवीन आलात? आधी कॅल्क्युलेटर काढा

एनव्हीएचमध्ये (नॉइज, व्हायब्रेशन, हार्शनेस, म्हणजे गाडीचा आवाज आणि थरथर) ट्रेनी म्हणून लागलेली पोरं पहिल्याच आठवड्यात विचारतात, सर कुठलं सॉफ्टवेअर शिकू. अरे सॉफ्टवेअरवर हात बसतो हळूहळू, पण आवाज नक्की कशाच्या फेऱ्यांबरोबर वाढतोय हेच माहीत नसेल तर कलरमॅपमधल्या (कुठल्या स्पीडला कुठली फ्रिक्वेन्सी किती जोरात, ते रंगात दाखवणारा ग्राफ) रंगीत रेषा नुसत्या बघत बसाल.

समजा रिअर व्हील ड्राइव्ह गाडी आहे आणि ८० च्या स्पीडला फ्लोअरला घरघर येतेय. चाकाचा घेर २ मीटर धरा, म्हणजे चाक सेकंदाला साधारण ११ वेळा फिरतं, डिफरन्शियलचा (मागच्या अ‍ॅक्सलवरच्या गिअरबॉक्सचा) रेशो ४ असेल तर प्रॉपशाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागे जाणारा लांब शाफ्ट, ४४ वेळा. आवाजाच्या ग्राफमधला पीक ११ हर्ट्झला (सेकंदाला ११ वेळा) दिसला तर आधी चाकाचं बॅलन्सिंग बघा, ४४ ला दिसला तर प्रॉपशाफ्टचं, आणि ८९ च्या आसपास असेल तर युनिव्हर्सल जॉइंटच्या (प्रॉपशाफ्टच्या टोकाचा, वाकून फिरू देणारा सांधा) अँगलवर संशय घ्या, कारण तो जॉइंट अँगलमध्ये फिरला की एका फेरीत दोनदा स्पीड कमीजास्त करतो (शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक, म्हणजे जॉइंट धरणारे काटे, एका लाइनीत बसवलेत ना तेही बघा, सर्व्हिसला खोलून उलटसुलट बसवलेले असतात).

आता खरी गोची. टॉप गिअर डायरेक्ट (रेशो १) असेल तर इंजिनपण ४४ नेच फिरतंय, आणि चार सिलिंडरचं इंजिन एका फेरीत दोनदा फायर होतं, म्हणजे तेही ८९ लाच! मग काय करायचं? स्पीड ८० च ठेवून एक गिअर खाली घ्या. पीक वर सरकला तर इंजिन, जागेवरच राहिला तर प्रॉपशाफ्ट. एवढ्यासाठी लॅबचा स्लॉट मिळायची वाट बघत बसू नका.

गिअरच्या व्हाइनचं (दात एकमेकांत बसताना येणाऱ्या बारीक शिट्टीसारख्या आवाजाचं) गणित तर अजून सोपं, दातांची संख्या गुणिले सेकंदाच्या फेऱ्या. २३ दात आणि ३००० आरपीएम म्हणजे ११५० हर्ट्झ. ईव्हीत हा आवाज झाकायला इंजिनच नाही, त्यामुळे दातांच्या प्रोफाइलमधला काही मायक्रॉनचा फरकही कानाला कळतो.

उपाय म्हणून लोक आधी फ्लोअरला डॅम्पिंग पॅड चिकटवतात, मला ते अजिबात पटत नाही, आधी सोर्स, मग माउंट (इंजिन-गिअरबॉक्स बॉडीला धरणारे रबर), पॅड सगळ्यात शेवटी. पण पार्टचे साचे (टूलिंग) बनवायला आधीच गेलेले असले, डिझाइन बदलता येत नसलं, की प्रॉपशाफ्टवर ट्यून्ड डॅम्पर (ठरावीक फ्रिक्वेन्सीची थरथर शोषणारं वजन आणि रबर) लावूनच गाडी पुढे जाते, त्याला इलाज नाही.

आणि हो, व्हाइन मोजताना अ‍ॅक्सिलरोमीटर (व्हायब्रेशन मोजणारा सेन्सर) मॅग्नेटने लावू नका, वरच्या फ्रिक्वेन्सीला रीडिंग फसवं येतं, सरळ ग्लूने चिकटवा.